भाचीबरोबर पणजीत: एका टेनिस स्पर्धेचा आठवडा

शनिवार

काल पुण्यात पकडलेली गोवा एक्स्प्रेस पहाटे मडगावला पोचली. कॅसलरॉक ते कुळे हा घाट मध्यरात्रीनंतर लागतो, त्यामुळे दूधसागर अंधारातच मागे पडला. भाची जागीच होती. वरच्या बर्थवर रॅकेटची बॅग पायांशी घेऊन ती अंग चोरून पडली होती. ती बॅग ती सीटखाली ठेवत नाही, साखळीनं बांधूनसुद्धा नाही. आत पाच रॅकेट आहेत आणि पाचही वजनाला, तोलाला एकमेकींशी जुळवून घेतलेल्या. एक हरवली तर दुकानातून नवी आणून दुसऱ्या दिवशी सामना खेळता येत नाही.

मडगावहून कदंबच्या बसनं पणजी. झुवारीच्या नव्या पुलावर आलो तेव्हा उजाडलं. नोव्हेंबर लागला असला तरी हवेत ओल होती. भाचीनं खिडकीबाहेर हात काढला आणि म्हणाली, "चेंडू जड होणार, मावशी."

ती २६ वर्षांची आहे आणि टेनिस हाच तिचा व्यवसाय आहे. एकेरीत जागतिक क्रमवारीत साडेचारशेच्या आसपास पोचली होती. मग डावं मनगट दुखावलं, चार-पाच महिने खेळ बंद राहिला आणि आता ती सातशेच्या पुढे आहे. डब्ल्यूटीएचे, म्हणजे महिला टेनिस संघटनेच्या जागतिक क्रमवारीचे, गुण बावन्न आठवडेच टिकतात. गेल्या वर्षी ज्या आठवड्यात कमावले, त्याच आठवड्यात यंदा ते गळतात. त्या वेळी तुम्ही कोर्टवर आहात की हात गळ्यात बांधून घरी बसला आहात, हे क्रमवारी बघत नाही. एरवी तिच्यासोबत माझी बहीण जाते. यंदा बहिणीच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालंय, म्हणून सोबतीला मी.

पणजीतली ही स्पर्धा अखिल भारतीय टेनिस संघटनेच्या क्रमवारीची, लाख रुपयांच्या एकूण बक्षिसाची आहे. इथे जागतिक गुण मिळत नाहीत. तरीही ती आली, कारण दुखापतीनंतर सरावाच्या खेळानं भागत नाही, ज्यात हरल्याचं काही बिघडतं असे सामने लागतात. शिवाय देशातल्या आंतरराष्ट्रीय स्पर्धांमध्ये वाइल्डकार्ड, म्हणजे यादीत नाव बसत नसतानाही आयोजकांनी दिलेला प्रवेश, मागायचं तर देशातली क्रमवारीही बरी असावी लागते.

मुक्काम सांतइनेजला, माझ्या मावसभावाकडे. पोदेर, म्हणजे पाववाला, येऊन गेला होता; वहिनीनं गरम पाव आणि पातळ भाजी पुढे ठेवली. दादानं पहिला घास मोडायच्या आधीच विचारलं, "काय गो बाय, विम्बल्डन कधी?"

हा प्रश्न तिला सगळीकडे विचारतात. लग्नात, बँकेत, सोसायटीच्या जिन्यात. विचारणाऱ्याच्या मनात कौतुकच असतं, पण मला तो ऐकवत नाही, कारण त्यात ती आज जिथे आहे त्या जागेची दखलच नसते. भाची मात्र शांतपणे सांगते. मुख्य स्पर्धेत १२८ जणी, त्यातल्या शंभरेक क्रमवारीवर थेट आत. उरलेल्या जागांसाठी आधी पात्रता फेरी, आणि त्या फेरीत नाव यायला साधारण अडीचशेच्या आत असावं लागतं. "मी सातशेवर आहे, मामा. आधी परत पाचशेच्या आत जायचंय."

दादा म्हणाला, "म्हणजे अजून पुष्कळ आहे." ती म्हणाली, "हो, पुष्कळ आहे."

रविवार

सकाळी सराव. जोडीला खेळायला कुणीतरी मिळवणं हेही एक कामच असतं. क्रमवारीत वर असलेल्या खेळाडूंबरोबर सरावाचा जोडीदार, प्रशिक्षक, फिजिओ असा ताफा फिरतो. हिनं काल रात्री फोनवरून ओळखीच्या मुलींना विचारत सात ते आठचं कोर्ट आणि एक जोडीदार पक्का केला. मी मिरामारला चालून आले तोवर तिचं आटोपलं होतं.

दुपारी दादा-वहिनी मंगेशीला निघाले. माझं दर्शन राहिलं, कारण भाचीनं जमिनीवर नवप्रभा दैनिकाचा जुना अंक पसरून रॅकेट काढल्या होत्या आणि मला ते बघायचं होतं. मुठीवरची जुनी ओव्हरग्रिप तिनं उलगडली. ती आतपर्यंत दमट झाली होती. खालची गादी कोरड्या फडक्यानं पुसली. नवी पट्टी दांड्याच्या बुडापासून चढवायला घेतली. प्रत्येक वेढा आधीच्या वेढ्यावर अगदी जरासा चढलेला, ताण सगळीकडे सारखा. एका ठिकाणी सुरकुती पडली तर तिनं चार वेढे मागे उलगडले. शेवटी टोक तिरकं कापून चिकटपट्टी. पाच रॅकेटना पाऊण तास लागला. तारा स्पर्धेच्या स्ट्रिंगरकडून, म्हणजे तारा बसवून देणाऱ्याकडून, आधीच ताणून घेतल्या होत्या, पन्नासऐवजी अठ्ठेचाळीस पौंडांवर. दमट हवेत चेंडू जड येतो आणि तारा थोड्या सैल असल्या की तो कमी कष्टात लांब जातो.

मग तिनं वही काढली. तिकीट, मुक्काम, जेवण, तारा, धुलाई, फिजिओ आणि शेवटचा रकाना 'आले'. मी ट्युनिशियातल्या मोनास्तिरचं पान मागितलं. मोनास्तिर, इजिप्तमधलं शर्म अल-शेख, तुर्कस्तानातलं अंताल्या ही नावं या मुलींच्या तोंडी सारखी असतात. तिथे एकाच रिसॉर्टवर आठवड्यामागून आठवडे डब्ल्यू-१५ स्पर्धा चालतात, म्हणजे एकूण बक्षीस १५,००० डॉलर आणि विजेतीला १५ गुण. पहिल्या फेरीत हरलात तर गुण शून्य, पैसे दीडशे डॉलरच्या आसपास. जिंकलात तर दोन हजारांच्या थोडं वर. भाची तिथे सलग तीन आठवडे खेळली. एकदा उपांत्यपूर्व फेरी, एकदा दुसरी, एकदा पहिल्याच फेरीत हार. मिळाले चार गुण आणि सुमारे आठशे डॉलर. नुसत्या राहण्या-जेवणाचा आकडा त्याच्या दुपटीहून जास्त होता आणि विमानाचं तिकीट वेगळं.

हे हिच्या एकटीचं नशीब नाही. आंतरराष्ट्रीय टेनिस महासंघानं २०१३ सालचे आकडे तपासले होते. त्या वर्षी ४,८६२ स्त्रिया व्यावसायिक स्पर्धांत उतरल्या; त्यातल्या २,२१२ जणींना बक्षिसाचा एक डॉलरही मिळाला नाही. प्रवास, मुक्काम, जेवण, तारा, कपडे, धुलाई धरून वर्षाचा सरासरी खर्च ४०,१८० डॉलर. प्रशिक्षकाचे पैसे त्यात धरलेले नाहीत. बक्षिसातून हा खर्च जेमतेम भरून निघतो ती जागा होती क्रमवारीत २५३वी. आता आपल्या मुलींची एकेरीतली सर्वोत्तम क्रमवारी बघा: सानिया मिर्झा २७, निरुपमा वैद्यनाथन १३४, अंकिता रैना १६०, करमन कौर थंडी १९६. बाकी बहुतेक जणी रेषेच्या खालीच खेळल्या आणि खेळताहेत. पुरुषांमध्येही तेच. सुमीत नागल २०२३ मध्ये भारताचा एक नंबरचा खेळाडू होता, तेव्हा खात्यात ९०० युरो उरल्याचं त्यानं स्वतःच सांगितलं होतं.

आणि वर? २०२५ च्या विम्बल्डनमध्ये पहिल्याच फेरीत हरणाऱ्या खेळाडूला ६६,००० पौंड होते, म्हणजे पाऊण कोटीच्या घरात. तिथे पोचणाऱ्यांनी ते कमावलेले असतात, त्याबद्दल तक्रार नाही. पण क्रमवारीत शंभरावी आणि सातशेवी यांच्या खेळात जेवढं अंतर आहे, त्याच्या कितीतरी पट अंतर त्यांच्या मिळकतीत आहे, आणि हे मला अन्यायाचं वाटतं. सातशेव्या, चारशेव्या मुली नसतील तर शंभरावी मुलगी कुणाला हरवून वर येणार?

भाचीचा खर्च भागतो तो बालेवाडीत लहान मुलांना शिकवून, एका छोट्या प्रायोजकावर आणि माझ्या बहिणीच्या पेन्शनवर.

संध्याकाळी ड्रॉ, म्हणजे कुणाचा सामना कुणाशी याचा तक्ता, लागला. पहिली फेरी पात्रता फेरीतून आलेल्या मुलीशी. दुसऱ्या फेरीत बहुधा तिची चेन्नईची मैत्रीण.

सोमवार

सामना साडेदहाचा होता, सुरू झाला सव्वाबाराला. या पातळीवर वेळ अशीच सांगतात: 'तिसरा सामना', म्हणजे आधीचे दोन संपतील तेव्हा. तेवढा वेळ पोट ना भरलेलं ना रिकामं ठेवायचं, अंग गरम ठेवायचं आणि डोकं थंड. तिनं केळं खाल्लं, दोरीवर उड्या मारल्या, परत बसली. चेंडू आणून द्यायला मुलं नाहीत, रेषेवर पंच नाहीत. आपल्या बाजूला पडलेल्या चेंडूचा कौल आपणच द्यायचा.

दुखापतीनं तिचा खेळ कसा बदललाय ते मी आज पहिल्यांदा नीट पाहिलं. उजव्या हातानं खेळणाऱ्यांच्या दोन हातांच्या बॅकहँडचा भार बराचसा डाव्या मनगटावर येतो. ते मनगट दुखावल्यावर तिनं एका हाताचा स्लाइस पहिल्यापासून घडवला. रॅकेट खांद्याच्या वरून खाली येते, चेंडूला खालून कापते आणि चेंडू पलीकडे उसळायचं नाव घेत नाही. समोरच्या मुलीला तो गुडघ्याच्याही खाली वाकून उचलावा लागत होता. दुसऱ्या सेटमध्ये ती मुलगी वाकायची थांबली आणि तिथून सामना फिरला. ७-५, ६-२. सव्विसाव्या वर्षी, गुण गळत असताना, एक फटका पुन्हा मुळापासून शिकायला किती चिकाटी लागते हे गर्दीला दिसत नाही. गर्दी अर्थात नव्हतीच, आम्ही पंधरा-वीस माणसं होतो.

संध्याकाळी घरी तुळशीचं लग्न. गोव्यात याला व्हडली दिवाळी म्हणतात. अंगणातलं वृंदावन रंगवलेलं, उसाच्या कांड्या, आवळ्या-चिंचेच्या फांद्या. वहिनीनं चेन्नईच्या मैत्रिणीलाही जेवायला बोलावलं होतं. उद्या या दोघींचा सामना आहे हे कळल्यावर ती जरा गोंधळली. पण या दोघींना त्यात नवं काही नाही. अंताल्यात, शर्ममध्ये खर्च वाचवायला त्या एकाच खोलीत राहतात. रात्री एकमेकींच्या पाठीला बाम चोळायचा आणि सकाळी समोरासमोर उभं राहायचं. मैत्रीण शाकाहारी, म्हणून वहिनीनं खतखतं आणि मुगागाठी केली होती. तिनं तीनदा खतखतं घेतलं आणि तिरफळाचा दाणा बाजूला काढून वास घेत बसली.

मंगलाष्टकं झाल्यावर शेजारच्या काकूंनी भाचीला विचारलंच, "तुझं कधी गो?" वहिनी पटकन म्हणाली, "तिची उद्या मॅच आहे." नंतर गॅलरीत भाची माझ्याशी बराच वेळ बोलली. २०२५ पासून डब्ल्यूटीएनं आई होणाऱ्या खेळाडूंसाठी बारा महिन्यांपर्यंत पगारी रजा सुरू केली आहे. मोठी गोष्ट आहे. पण त्यासाठी डब्ल्यूटीए पातळीच्या ठरावीक स्पर्धा खेळलेल्या असाव्या लागतात आणि डब्ल्यू-१५, डब्ल्यू-३५ खेळणाऱ्या मुली तिथवर पोचलेल्याच नसतात. त्यांच्यासाठी लग्न, मूल आणि टेनिस यांचा हिशेब अजून घरच्या घरीच मांडावा लागतो.

मंगळवार

६-४, ४-६, ७-५. दोन तास चाळीस मिनिटं. एकमेकींचा खेळ पाठ असलेल्या दोघी खेळतात तेव्हा सोपा गुण कुणालाच मिळत नाही. तिसऱ्या सेटमध्ये ५-५ असताना भाचीनं एका गेममध्ये चार ब्रेकपॉइंट वाचवले, म्हणजे आपल्या सर्व्हिसचा गेम हातचा जायची वेळ चारदा परतवली. शेवटी जाळ्याशी हात मिळवताना मैत्रीण काहीतरी म्हणाली आणि भाचीनं तिच्या खांद्यावर टॉवेल टाकला. दोन तासांनी त्याच दोघी दुहेरीला एका बाजूनं उतरल्या आणि जिंकल्या.

बुधवार

उपांत्यपूर्व फेरीत सतरा वर्षांच्या मुलीकडून ३-६, २-६. त्या मुलीची सर्व्हिस इतकी जोरकस होती की स्लाइसला वेळच मिळाला नाही. भाचीनं पाय हलवत ठेवले, सर्व्हिस घ्यायला मागे सरून पाहिलं, पुढे सरकून पाहिलं. नाही जमलं.

मी धीराचे शब्द जुळवत होते. तिला हवा होता बर्फ, मनगटासाठी. बर्फ लावून झाल्यावर तिनं वहीच्या मागच्या बाजूला पाच ओळी लिहिल्या: समोरची कुठे सर्व्हिस करते, दडपणाखाली काय करते, आपण काय उशिरा बदललं. मग दुहेरीच्या उपांत्य फेरीसाठी उठून गेली. ती जिंकली.

गुरुवार

दुहेरीचा अंतिम सामना सकाळी झाला. एकेक सेट बरोबरीत, मग दहा गुणांचा टायब्रेक, १०-८. दोघींनी विजेतेपदाचा चषक आणि पाकिटं घेतली. पाकिटातल्या रकमेत या आठवड्याचा प्रवास आणि तारा निघतात; मुक्काम दादाकडे होता म्हणून.

दुपारी आम्ही रायबंदरहून फेरीबोटीनं दिवाडीला गेलो. खाजन, बगळे, एक जुनं चॅपेल, परत. तिथे तिनं फोनवरचे काही संदेश मला दाखवले. मोनास्तिरला हरल्यावर आलेले. ते इथे लिहिण्यासारखे नाहीत. डब्ल्यू-१५ सामन्याचाही गुणफलक थेट जगभर जातो आणि त्यावर कुठे कुठे पैजा लागतात. पैसे बुडाले की माणसं सरळ खेळाडूला लिहितात. डब्ल्यूटीए आणि आंतरराष्ट्रीय महासंघानं २०२४ सालाची तपासणी जाहीर केली, त्यात ४५८ खेळाडूंना उद्देशून सुमारे ८,००० शिवीगाळीचे, धमकीचे मजकूर सापडले आणि त्यातले ४० टक्के चिडलेल्या जुगाऱ्यांचे होते. हॉटेलच्या खोलीत एकटी असलेली मुलगी रात्री अकराला हे वाचते. इथल्या स्पर्धेवर पैजा नव्हत्या, म्हणून हा आठवडा तिला मोकळा वाटला, असं ती म्हणाली.

संध्याकाळी साडेसातच्या आत घरी यायचं होतं. आंतरराष्ट्रीय स्पर्धांची नावनोंदणी अठरा दिवस आधीच्या गुरुवारी, आपल्या घड्याळानं साडेसात वाजता बंद होते. चषक टेबलावर, वहिनीचा चहा शेजारी आणि ही फोनवर एकाच आठवड्यासाठी वेगवेगळ्या ठिकाणी नाव घालत होती. देशातली डब्ल्यू-३५ पहिल्या पसंतीला, मग शर्म, मग अंताल्या. देशात खर्च कमी. पण इथे यायला परदेशी मुलीही उत्सुक असतात, यादी कुठे तुटेल सांगता येत नाही. यादी लागल्यावर दोन-तीन दिवसांत व्हिसा, तिकीट, सगळं. दादा मागे उभा राहून बघत होता. या वेळी त्यानं विम्बल्डनचं विचारलं नाही. "शर्मला थंडी असते का गो?" असं विचारलं.

शुक्रवार

बस दुपारची. सकाळी क्लबच्या प्रशिक्षकांनी भाचीला तासभर मुलांबरोबर खेळायची विनंती केली. त्यात फोंड्याची एक बारा वर्षांची मुलगी होती, पायानं चपळ, फोरहँडला न घाबरणारी. तिचे वडील जाळीशी उभे होते. घरी मराठी बोलणारे, फोंड्यात छोटं दुकान. आधी माझ्याशी बोलले, मग भाची आल्यावर थेट तिलाच म्हणाले, "मॅडम, खरं सांगा. खर्च किती, आणि पुढे आहे काय?"

भाचीनं वही काढून त्यांच्या हातात दिली. ते दुकानदार, आकडे त्यांना लगेच वाचता आले. मोनास्तिरच्या पानावर ते थांबले, दोन्ही रकान्यांवरून बोट फिरवलं.

"आणि मुलगी चारशे-पाचशेवरच राहिली तर?"

"तर चारशे-पाचशेवर राहील," ती म्हणाली. "मी राहिले. मला त्याची लाज वाटत नाही. पण शाळा सोडू देऊ नका. खेळावर अमेरिकेच्या विद्यापीठात शिष्यवृत्ती मिळते. शिक्षण होतं आणि चार वर्षं चांगले सामनेही मिळतात." श्रीरामपूरच्या ऋतुजा भोसलेचं उदाहरण तिनं दिलं. ऋतुजा टेक्सासमध्ये शिकली, परत आली आणि २०२३ मध्ये हांगझोच्या आशियाई खेळांत रोहन बोपण्णाबरोबर मिश्र दुहेरीचं सुवर्ण जिंकली. बार्शीच्या प्रार्थना ठोंबरेनं २०१४ च्या आशियाई खेळांत सानियाबरोबर दुहेरीचं कांस्य आणलं. "दोघीही काही मोठ्या शहरातल्या नाहीत. आणि मुलीला दुहेरी शिकवा. दुहेरीनं मला पुष्कळदा हात दिलाय."

वडिलांनी मुलीची रॅकेट पुढे केली. भाचीनं तारांवर नख मारून पाहिलं, तळहातानं दाबून पाहिलं. पॉलिएस्टरच्या होत्या, कडक ताणलेल्या. मोठ्यांच्या बघून कुणीतरी बसवून दिलेल्या.

"या आधी काढा. बारा वर्षांच्या मनगटाला या तारा नकोत. मऊ सिंथेटिक घाला, पंचेचाळीस पौंडांवर, आणि तुटायची वाट न बघता बदलत जा."

त्यांनी बिलाच्या पाठीवर लिहून घेतलं आणि पणजीत स्ट्रिंगिंग कोण करून देतं ते विचारलं. भाचीनं स्पर्धेच्या स्ट्रिंगरचा नंबर दिला.